जे हलतं ते माझं

अश्रफियाच्या उतारावर शेअर टॅक्सीत बसले होते, तेव्हा मी एक माशी हाकलली. ती डोळ्यांसमोरून उजवीकडून डावीकडे गेली म्हणून हात हलवला, इतकंच. ती परत आली, मी परत हात हलवला. शेजारच्या तरुणाने आपला मोबाइल जरा बाजूला घेतला आणि अतिशय अदबीने म्हणाला, "हाज्जा, माशी नाहीये." मी हजला गेलेले नाही. जायचं आहे, म्हणजे कुणी विचारलं तर तसं सांगते. तेव्हा त्या सकाळी मला दोन बातम्या एकदम कळल्या, की माशी नाही आणि मी हाज्जा म्हणण्याइतकी म्हातारी दिसते. राग दुसरीचाच अधिक आला आणि त्या रागात मी पहिलीकडे नीट लक्ष दिलं नाही. खाली बाजाराच्या चौकात उतरले. कंपनीची बस यायची होती. वर आकाश कोरं होतं, अम्मानचं वसंतातलं, धुतलेल्या चादरीसारखं, आणि त्या चादरीवर एक ठिपका होता. मी मान वर केली की तो वर जायचा, मान खाली केली की आज्ञाधारक नोकरासारखा थोड्या वेळाने खाली यायचा. थोड्या वेळाने, हे महत्त्वाचं. माझ्या नजरेपेक्षा तो किंचित आळशी होता.

सहाबच्या औद्योगिक भागात आमचा कारखाना आहे. तिथे डोळ्यांत घालायचे थेंब तयार होतात, आणि त्यांच्या आसपासची हवा मी वाचते. लग्नसमारंभात कुणी विचारलं, काय करतेस, तर मी सांगते की औषधांच्या कंपनीत आहे. मग लगेच डोकेदुखीवर काय घ्यावं हे विचारतात. हवा वाचते म्हटलं तर चेहरे असे होतात की मग मलाच कॉफीचा कप घेऊन दुसरीकडे बसावं लागतं. पण काम तेच आहे. जिथे थेंब बाटल्यांत भरले जातात त्या खोलीत काचेसारख्या पातळ प्लेटा उघड्या ठेवायच्या, त्यात जेलीचा थर. हवेतून काही पडलं तर त्या जेलीवर पडेल. मग प्लेटा झाकून उबेत ठेवायच्या. जे पडलं असेल ते जिवंत असलं तर वाढेल आणि डोळ्यांना दिसेल, टाचणीच्या डोक्याएवढं, कधी पांढरं, कधी पिवळं. त्याला आम्ही कॉलनी म्हणतो. भरणीच्या खोलीतल्या प्लेटवर एकही कॉलनी चालत नाही. म्हणजे माझी सगळी नोकरी काही नसण्याकडे टक लावून बघण्यात गेली. प्लेट उचलायची, उजेडावर धरायची, तिरकी करायची, काही नाही असं बघायचं आणि शून्य लिहायचं. इरबिदला कॉलेजात असताना मला वाटायचं, आपण काहीतरी शोधून काढू. नंतर पगार काही न सापडण्याचा मिळाला.

त्या खोलीत जाणं म्हणजे हळूहळू स्वतःला काढून ठेवत जाणं. पहिल्या दारात चपला जातात, दुसऱ्यात अंगठी, घड्याळ, काजळ, अत्तराचा वास, आणि तिसऱ्यात पांढरा पोशाख चढतो, त्याला जमिनीचा स्पर्श होऊ द्यायचा नसतो, म्हणून सगळे बगळ्यांसारखे एका पायावर उभे असतात. आत हवा वरून खाली एकसारखी उतरत असते, तिचा आवाज दूरच्या धबधब्यासारखा. आत कुणी भरभर चालत नाही. हात हलवायचा तर पाण्याखाली हलवल्यासारखा. बोलायचं नाही, कारण बोलण्यातून माणूस उडतो. आपण सगळे सतत झडत असतो हे बाहेर कुणाच्या लक्षात येत नाही. आत आलं की कळतं, खोलीतली एकमेव घाण म्हणजे आपण. मला ती खोली आवडते. तिथे मी कुणाची आत्या नसते, कुणाची न झालेली बायको नसते. नुसती एक पांढरी आकृती, दुसऱ्या पांढऱ्या आकृत्यांमधून तरंगत जाणारी. भरणी करणाऱ्या बायकांना मी चालीवरून ओळखते. एखादी गरोदर राहिली तर घरच्यांच्या आधी मला कळतं, पण विचारता येत नाही. कधी कधी वाटायचं की मेल्यावर असंच असेल, स्वच्छ, वरून खाली वाहणारं, आणि कोपऱ्यात माझी प्लेट उघडी ठेवलेली, मी अजून झडतेय का ते बघायला.

जबल-अल-वैबदेच्या डोळ्यांच्या डॉक्टरने बाहुल्या मोठ्या करणारं औषध घातलं (आमच्या कंपनीचं नव्हतं, मी बाटली बघून घेतली) आणि आत डोकावून म्हणाला, वय आहे. मी म्हटलं, ते टॅक्सीतही कळलं. तो म्हणाला, डोळ्यात आत जेली असते, ती वयाबरोबर आक्रसते, तिच्यात एखादी गुठळी होते आणि तिची सावली मागच्या पडद्यावर पडते. निरुपद्रवी आहे. जाणार नाही, सवय होईल. "काम काय करता?" त्याने विचारलं. मी म्हटलं, औषधांच्या कंपनीत आहे. त्याने सुदैवाने डोकेदुखीचं विचारलं नाही. बाहेर आले तेव्हा बाहुल्या ताणलेल्या होत्या आणि सगळी टेकडी पांढरी पेटलेली होती, घरं, पायऱ्या, जाईचे वेल, भाजी विकणाऱ्याची गाडी, सगळ्यांच्या कडा विरघळलेल्या. भिंतीला हात लावत उतरताना मला त्याचं बोलणं पुन्हा ऐकू आलं. डोळ्यात जेली असते. म्हणजे मी इतकी वर्षं एका जेलीतून दुसऱ्या जेलीकडे बघत होते, आणि जे उगवायचं ते अलीकडच्या प्लेटमध्ये उगवलं.

माझी आई अस-सल्तला त्या उंच पिवळ्या दगडी घरात शेवटची वर्षं जवळजवळ न दिसता राहिली. तिला माणसं दिसायची. लहानखुरी, कोपरभर उंचीची, चांगले कपडे घातलेली माणसं खिडकीच्या चौकटीत येऊन बसायची आणि काही बोलायची नाहीत. माझ्या भावाने दुवा फुंकायला शेखला बोलावलं, वहिनीने घरभर धूप फिरवला. आई म्हणाली, धूप कशाला, बिचाऱ्यांना ठसका लागेल. तिचं डोकं ठणठणीत होतं. भाजीवाल्याने वांग्यांत एक किडकं घातलेलं तिला बोटांनी कळायचं. पुढे एका डॉक्टरने सांगितलं, डोळ्याला बाहेरून काही मिळेनासं झालं की तो स्वतःच काहीतरी करून दाखवतो, रिकामं बसवत नाही त्याला. मी एकदा आईला विचारलं, भीती नाही वाटत? ती म्हणाली, "पाहुणे आहेत गं. बघत बसतात. तुझ्यासारखे." मला त्या वेळी हसू आलं होतं. आता संध्याकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या अभ्र्याकडे बघताना माझा ठिपका त्याच्यावर येऊन टेकायचा आणि मला वाटायचं, हा पहिला. बाकीचे कपडे बदलून येत असतील.

डॉक्टर म्हणाला तशी सवय झाली. मी एक रीत बसवली. प्लेट उजेडावर धरायची, ठिपका दिसला की नजर झटकन डावीकडे न्यायची. जे माझ्याबरोबर हलतं ते माझं, जे जागेवर राहतं ते कंपनीचं. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला प्लेटांवरून काढून कागदांवर बसवलं असतं, आणि कागदांवर बसलेल्या माणसाला त्या खोलीत जायचं कारण उरत नाही. दिवसभर शून्यं वाचायची आणि प्रत्येक शून्याच्या आत माझा ठिपका फिरतोय. कधी कधी मी त्याला मुद्दाम फिरवायची, कडेकडेने, पाळीव मासा फिरवावा तसा.

प्लेट दोघांनी वाचायची असते. पहिली मी वाचते, दुसरा अबू तैसीर. त्याने स्वतंत्रपणे बघून माझ्या शून्यापुढे सही करायची, असा नियम आहे. नियम परदेशातून आला आहे, जिथे माणसं एकमेकांच्या घरी न कळवता जेवायला जात नाहीत. आमच्याकडे अबू तैसीर खुर्ची ओढून बसतो, उकळत्या चहात मरमियाची पानं टाकतो आणि विचारतो, "सित्त फिर्याल, काय आहे?" मी म्हणते, शून्य. तो सही करतो. पहिल्या वर्षी मी प्लेट त्याच्यापुढे सरकवली होती, तेव्हा त्याने दोन्ही हात छातीवर ठेवून मान मागे घेतली, जणू मी त्याला स्वतःच्या ताटातला घास देत होते आणि तो म्हणत होता, नको, पोट भरलंय. मी बघितल्यावर त्याने बघायचं म्हणजे माझ्यावर शंका. शंका घेणारा माणूस उद्या माझ्यासमोर चहा कसा पिणार? तेव्हापासून प्लेट सरकवणं मीही बंद केलं, कारण मग तो त्याच्यावर आरोप झाला असता. अशी आमची चांगली ओळख झाली.

बुधवारी खमासीन सुटला. वाळवंटातून ती पिवळी हवा आली की दुपार जुन्या फोटोसारखी होते आणि दातांत वाळू येते. कारखान्याच्या खिडक्यांबाहेर सूर्य फिक्या नाण्यासारखा लटकत होता. अशा दिवशी मला माझ्या प्लेटांचा अभिमान वाटतो. बाहेर सगळा देश हवेत उडतोय आणि आत शून्य. मी वाचत होते, एक, दुसरी, तिसरी, ठिपका यायचा, मी झटका द्यायची, तो निघायचा. मग एक प्लेट आली, तिच्यावर ठिपका होता, मी नजर झटकली, तो निघाला, मी शून्य लिहिलं, अबू तैसीरने सही केली, प्लेट चळतीत गेली. त्यानंतर काही प्लेटा झाल्यावर मला वाटलं की त्या प्लेटवर ठिपका निघून गेल्यानंतरही काहीतरी होतं. दिसलं होतं असं नाही. एखाद्या खोलीतून बाहेर पडल्यावर वाटतं की तिथे कुणीतरी बसलं होतं, तसं. मी थांबले. चळत डावीकडे होती. ती दुपारी वाफेच्या भांड्यात जाणार होती आणि तिथून जे निघतं ते फक्त वितळलेलं प्लास्टिक असतं.

तेवढ्यात मुहन्नदचा फोन आला. मुहन्नद भरणी विभागाचा प्रमुख. काम नसेल तेव्हा मला खाल्ती, म्हणजे मावशी म्हणतो, काम असेल तेव्हा दुक्तोरा. "दुक्तोरा," तो म्हणाला, "तुमच्या ताटल्या झाल्या का? ट्रक उभा आहे. ड्रायव्हर तिकडे दक्षिणेत, करक गावचा आहे, अंधाराआधी घरी जायचं म्हणतोय."

"बघतेय."

"साऱ्या देशात रिकाम्या ताटल्या बघून खूश होणारी तुम्ही एकट्याच. बाकीच्यांना ताटात मटण-भाताचा मनसफ लागतो."

ट्रकमध्ये जाणारे थेंब मोतीबिंदू काढल्यावर घालायचे होते. ते कापलेल्या डोळ्यात जातात, जिथे अजून दार लागलेलं नसतं. हे मुहन्नदला माहीत आहे, मलाही आहे, आणि माहीत असलेल्या गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात. मी म्हटलं, "सांगते," आणि फोन ठेवला. मग ती प्लेट चळतीतून काढली. उजेडावर धरली. आता दोन ठिपके दिसले, मग एक, मग एकही नाही. डोळा थकला होता की मी घाबरले होते, सांगता येत नाही. डोळा स्थिर ठेवला की माझा ठिपकाही शहाण्यासारखा स्थिर बसतो. झटकला की सगळंच निघाल्यासारखं वाटतं. माझी रीत नुसती माझ्या सोयीची निघाली होती.

"अबू तैसीर," मी म्हटलं, "ही जरा बघ."

"कशाला?"

"बघ म्हणते ना."

त्याने पेला खाली ठेवला. "सही केली मी. शून्य आहे ना?"

"सही केलीस. बघितली नाहीस."

 अबू तैसीर गोरापान माणूस आहे, त्याचे कान लाल झाले. "आपण किती वर्षं बरोबर आहोत, सित्त फिर्याल," तो म्हणाला. "तुझ्या वडिलांच्या अंत्ययात्रेत मी खांदा दिलाय. माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांग, असं प्लेट दाखवून नको."

"चुकलं माझं आहे. मला दिसत नाही नीट."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग प्लेट घेतली, उजेडाकडे हात पूर्ण लांब करून धरली, डोकं मागे नेलं आणि बराच वेळ बघत राहिला. इतका वेळ की मला त्याची दया आली. "काही नाही," तो म्हणाला. "लखलखीत आहे. झालं समाधान?"

त्याचा हात तसाच लांब होता. मी विचारलं, "कुठली प्लेट आहे रे ती? जागा लिहिलीय खाली."

"भरणीच्या सुईजवळची."

मी ती त्याच्या हातून घेतली. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, दाराजवळची. मी वाचून दाखवलं नाही. अबू तैसीरने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि चेहरे त्याला लांबून चांगले दिसतात. त्याने पानं चहातून काढून बशीत ठेवली, एकेक, शिस्तीत. "चष्मा केलाय," तो म्हणाला. "घरी वापरतो. इथे घातला तर आत जाताना त्याच्यावर वाफ धरते, मग आत सोडत नाहीत. मग गोदामात पाठवतात. गोदामात कोण आहे माहिती आहे तुला?"

"कोण?"

"माझा मेहुणा."

 त्याच्या मेहुण्याला मी एकदा भेटले आहे. "पण डोळ्यांची तपासणी होते की दर वर्षी," मी म्हटलं.

"तक्ता तोच असतो," अबू तैसीर म्हणाला. "मला पाठ आहे. तुला काय झालंय?"

मी ठिपक्याबद्दल सांगितलं. माशीबद्दल, हाज्जाबद्दल, झटक्याच्या रीतीबद्दल. जे हलतं ते माझं, हे ऐकताना तो हसला, मग मी हसले, मग आम्ही दोघं त्या पिवळ्या उजेडात बसून इतकं हसलो की मला डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसावे लागले आणि पुसताना लक्षात आलं की हे हसण्याचं नाही. मी चळत उचलली, ती एक आणि तिच्या आधीच्या आणि नंतरच्या सगळ्या, आणि परत इनक्युबेटरमध्ये ठेवली. अबू तैसीर म्हणाला, "हे काय?"

"खरं असेल तर उद्यापर्यंत मोठं होईल. डोळ्यातलं होत नाही."

"आणि ट्रक?"

ट्रकचं मी मुहन्नदला कळवलं. त्याने आधी दुक्तोरा म्हटलं, मग खाल्ती, मग नुसतंच "उद्या?" आणि मग, "रिकामं भांडं बघायला रात्र लागते का?" मी म्हटलं, लागते कधी कधी.

घरी आले तेव्हा वारा पडला होता आणि शहरावर धूळ हळूहळू उतरत होती. गच्चीवर, टाक्यांवर, सुकत टाकलेल्या कपड्यांवर. आमच्या खोलीत हवा उतरते तशीच, सगळीकडे सारखी. मी खुर्ची टाकून बसले. मला वाटलं की सारी टेकडी एक प्लेट आहे, कुणीतरी तिला उघडी ठेवून गेलंय आणि आता आपण काय उगवतो ते बघायला येईल. खालच्या घरात कांदा परतल्याचा वास येत होता. आईची ती लहानखुरी माणसं आठवली. तिने त्यांना कधी खोटं म्हटलं नाही आणि खरंही म्हटलं नाही, खुर्ची तेवढी रिकामी ठेवली. मला ते परवडणारं नव्हतं. मी कशाची इच्छा करावी हेच कळेना. प्लेट रिकामी निघाली तर ट्रक करकला जाईल, थेंब लोकांच्या डोळ्यांत जातील, मी पुन्हा पांढऱ्या पोशाखात तरंगेन आणि यापुढे कुठल्याच शून्यावर माझा विश्वास उरणार नाही. उगवलं असेल तर सगळा माल जाळतील, मला खोलीतून काढतील, आणि आजपर्यंतची माझी शून्यं कुणीतरी एकेक करून उलटी करून बघेल, ज्यांच्या प्लेटा आता राहिल्याच नाहीत. एवढं सगळं असून, अंधार पडता पडता, मी त्या जंतूच्या बाजूची झाले. असू दे, म्हटलं. तू तरी खरा अस. जिने आयुष्यभर फक्त नसणाऱ्या गोष्टी मोजल्या तिच्यासाठी एकदा तिच्या बाहेरचं काहीतरी हो. मग मला शरम वाटली, कारण कुणाच्या तरी कापलेल्या डोळ्यावर मी हे मागत होते. माल अजून आपल्याच आवारात उभा आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. झोपेत मी ती खोली बघितली. आत कुणी नव्हतं. मीही नव्हते, आणि हवा वरून खाली वाहत होती, कुणासाठी ते कळत नव्हतं.

सकाळी अबू तैसीर माझ्याआधी आला होता. नाकावर चष्मा होता, जांभळ्या फ्रेमचा, कडेला चमचमत्या खड्यांची ओळ. "बायकोचा आहे," तो म्हणाला. "माझा मुलीने उचलला, त्याच्यावर नातू बसला. हसायचं असेल तर आत्ताच हस." मी हसले नाही. तो इनक्युबेटरपुढे उभा होता, दार न उघडता. बायकोच्या चष्म्यातूनही त्याने माझ्याआधी बघायचं टाळलं होतं.

"तूच काढ," मी म्हटलं.

त्याने प्लेटा काढल्या, टेबलावर ठेवल्या, ती एक शोधली, या वेळी जागा मोठ्याने वाचून, "दाराजवळची." उजेडावर धरली. हात जवळ होता, कोपरातून वाकलेला. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, प्लेटकडे नाही. त्याचे ओठ मिटले, उघडले.

"एक," तो म्हणाला.

मग त्याने ती मला दिली. जर्दाळूच्या रंगाची होती, मसुरीच्या डाळीएवढी, गोल, ओलसर चमकणारी, माणसाच्या कातडीवर राहणाऱ्यांपैकी एक. कुणाच्या कातडीवरची ते सांगता येत नाही. आत जाणाऱ्यांत मीही होते. मी नजर डावीकडे नेली. माझा ठिपका उठून माझ्यामागून आला. ती तिथेच राहिली. उजवीकडे नेली, ती तिथेच. मी बराच वेळ तसं करत राहिले, आणि अबू तैसीरने मला करू दिलं.

मुहन्नदला मीच फोन लावला. सांगितलं, भरणीची खोली, दाराजवळची प्लेट, एक.  तो शपथ घालेल, ट्रकचं काढेल, माझ्या वयाचं काढेल असं वाटलं होतं. त्याने विचारलं, "दुसऱ्या वाचणाऱ्याने?"

"अबू तैसीरने बघितली आहे."

"बघितली?" मुहन्नद म्हणाला, आणि त्या एका शब्दावरून मला कळलं की त्यालाही माहीत होतं. सगळ्या कारखान्याला माहीत असावं.

"हो. बघितली. आणि हेही लिहून घे की माझ्या डोळ्यात दोष आहे. कधीपासून ते सांगणारा डॉक्टरांचा कागद आणते. त्याच्या आधीचं मला सांगता येणार नाही."

"खाल्ती," तो हळूच म्हणाला, "हे फोनवर नका बोलू."

"मग वर ये," मी म्हटलं, "तोंडावर बोलते," आणि फोन ठेवला. अबू तैसीरने खुर्ची ओढून घेतली होती. चहा केला नव्हता. जांभळा चष्मा त्याने बोटाने नाकावर वर सारला आणि उरलेल्या चळतीकडे हात पसरला.

"दे," तो म्हणाला, "पुढची."